चार नंबरची दुधी काच

ग्वेंडा पायबसचा निरोपाचा चहा फेब्रुवारीच्या शेवटच्या शुक्रवारी झाला. होबार्टच्या बंदराकडे तोंड करून असलेल्या मत्स्यरोगांच्या प्रयोगशाळेतली सगळी माणसं सकाळी दहा वाजता खालच्या खोलीत जमली. लॅमिंग्टनचे चॉकलेट-खोबऱ्याचे केक होते, शिंपल्यांची करी भरलेले पॅटिस होते. प्रमुखबाई चार शब्द बोलल्या आणि बागेत वापरायला म्हणून सगळ्यांनी मिळून आणलेली हिरवी एकचाकी ढकलगाडी त्यांनी ग्वेंडाच्या हवाली केली. ग्वेंडा आभार मानायला उभी राहिली आणि दोन वाक्यांत खाली बसली. पुढच्या सोमवारी सकाळी आठ वाजता ती नेहमीसारखी कामावर हजर होती. आता जुलै अर्धा सरला होता, तरी ती येतच होती.

ढकलगाडी जिन्याखाली पडून होती. तिच्यात कुणी रिकामे खोके टाकत, कुणी ओल्या छत्र्या. टॅमसिन म्हणून माशांची एक डॉक्टर होती, तिच्या जिभेला सगळेच वचकून असत. ती येता-जाता विचारायची, "ग्वेन, दुसरा समारंभ कधी गं? नवा स्कर्ट घ्यायचा का थांबायचं, तेवढं सांग."

ग्वेंडा हसण्यावारी न्यायची. वाईट वाटून घ्यायलाही अंगात थोडी ताकद लागते, ती तिच्यात उरली नव्हती.

ती चौसष्ट वर्षांची होती. हुऑन नदीकाठी तिच्या वडिलांची सफरचंदांची वाडी होती. धंदा बसला तेव्हा त्यांनी झाडं मुळासकट उपटून टाकली, आणि एकोणीस वर्षांची ग्वेंडा शहरात येऊन या प्रयोगशाळेत काचा धुवायला लागली. शिक्षण दहावीपर्यंतच झालेलं. पण हात स्थिर, आणि कामात घाई नाही. काचा धुता धुता ती माशांचे नमुने रंगवायला शिकली, मग सूक्ष्मदर्शक पुसायला, मग दुरुस्त करायला. शेवटची वीस वर्षं तळमजल्यावरची अंधारी सूक्ष्मदर्शकाची खोली तिच्याच ताब्यात होती. नवरा मर्व्ह बस चालवायचा, तो सहा वर्षांपूर्वी गेला. मुलगी दूर पर्थला. जवळचं माणूस म्हणजे तिची थोरली बहीण वर्ना. ती समोरच्या ब्रूनी बेटावर एकटी राहायची, चाळीस मेंढ्या आणि कोंबड्या सांभाळत.

वर्नाच्या खुब्याचा सांधा पार झिजला होता. तो बदलायची तारीख मे महिन्यात मिळाली होती, पण शस्त्रक्रियेनंतर दोन महिने घरात आणि मेंढ्यांपाशी कुणी तरी हवं होतं. ग्वेंडाला तेव्हा सुटता आलं नाही, म्हणून ती तारीख गेली. आता ऑगस्टचा पहिला मंगळवार मिळाला होता. ही संधीही हुकली तर नाव यादीच्या तळाला जाणार, म्हणजे निदान वर्षभर थांबणं. वर्ना सध्या जिना बसून उतरत होती.

आणि ग्वेंडाला सुटता येत नव्हतं, कारण तिच्या हाताचं काम यंत्राला जमत नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी ॲडलेडहून फर्गस ओल्डमेडो नावाचा भौतिकशास्त्रज्ञ तिथे आला. खाडीतल्या जाळ्यांत वाढवलेल्या सॅमन माशांच्या कल्ल्यांवर अमीबा बसतो आणि मासा गुदमरून मरतो. किती अमीबा वर बसलेत आणि किती आत शिरलेत, ते वेळेवर कळलं तर माशांना गोड्या पाण्याची अंघोळ घालून वाचवता येतं. पण कल्ला सूक्ष्मदर्शकाखाली धरला की चमकणाऱ्या रंगाने रंगवलेला त्याचा वरचा, मधला, खालचा असे सगळेच थर एकदम उजळतात आणि धुक्यातून बघितल्यासारखं दिसतं. हवा असतो तो एकच पातळ काप, आणि तोही कल्ला न कापता.

फर्गसची युक्ती अशी होती. लेसरचा उजेड दुधी काचेतून सोडला की तो सारखा पडत नाही, बारीक बारीक ठिपक्यांनी पडतो. त्या ठिपक्यांत कल्ल्याचा एक फोटो घ्यायचा. काच जराशी फिरवायची, ठिपके दुसरीकडे पडतात, पुन्हा फोटो. असे शंभर. ज्या थरावर भिंग नेमकं लागलेलं असतं, तिथली प्रत्येक गोष्ट या शंभरांत लुकलुकते. क्षणात ठिपक्याखाली, क्षणात अंधारात. वरखालच्या थरांवर ठिपके एकमेकांत मिसळून जातात, त्यामुळे ते आपले एकसारखे मंद उजळत राहतात. संगणक लुकलुकणारं तेवढं ठेवतो, मंद ते टाकून देतो. हाती सुरीने कापल्यासारखा स्वच्छ काप येतो.

सांगायला हे सोपं. ठिपके कसे हवेत हे ठरवण्यात अकरा महिने गेले. दुधी काच बाजारातली चालेना, म्हणून ग्वेंडाने ती स्वतः घासली. जाड पत्र्यावर पाणी आणि घासायची पूड घेऊन, काच तळव्याखाली धरून गोल गोल. अशा अकरा काचा केल्या, त्यांना नंबर दिले. जाड पुडीने घासलेल्या काचेतून उजेड इतका फाकायचा की निम्मा भिंगाबाहेर वाया जायचा. बारीक पुडीच्या काचेतून तो पुरता फाकायचाच नाही, भिंगाचा मधलाच भाग उजळायचा, मग ठिपके जाड यायचे आणि कापही जाड. चार नंबरच्या काचेने भिंग काठोकाठ भरलं आणि उजेडही वाया गेला नाही. त्या दिवशी पहिल्यांदा पडद्यावर कल्ल्याची एकेक पाकळी सुटी दिसली. फर्गस खुर्चीवरून उठून खोलीत नुसताच दोन फेऱ्या मारून आला.

तेव्हा काच फिरवायला मोटर नव्हती. ग्वेंडा आइस्क्रीमच्या लाकडी काडीने काचेच्या कडेला हलकेच टोचायची, हादरा विरेपर्यंत एक श्वास थांबायची, आणि पायाखालचं बटण दाबून फोटो घ्यायची. पुन्हा टोचायचं, पुन्हा श्वास. एका कापाला शंभर वेळा. दिवसाला पंधरा काप. वर्षभरात तिचं मनगट असं झालं की सकाळी किटली उचलायला डावा हात पुढे करावा लागे.

मार्चमध्ये मोटर आली. ती बसली की ग्वेंडा सुटली, असं ठरलं होतं. मोटर बसली, आवाज न करता फिरली, शंभर फोटो तीन मिनिटांत निघाले, आणि काप आला तो रवा उधळल्यासारखा, दाणेदार. टॅमसिन तो बघून म्हणाली की यातला अमीबा कुठला आणि कचरा कुठला ते ओळखणाऱ्याला ती आपला पगार देईल. मग ग्वेंडाने काडी घेतली, तीच काच, तोच कल्ला, आणि काप स्वच्छ आला.

फर्गसचं म्हणणं, मोटरचा हादरा बसतोय. त्याने मोटरीखाली रबर घातलं. मग टेनिसचे चेंडू अर्धे कापून घातले. मग ती रबरी दोऱ्यांनी टांगली. मग घराच्या अंगणातली फरशी उचलून आणली आणि मोटर तिच्यावर बसवली. दर वेळी दाणे तसेच. आणि दर वेळी तो ग्वेंडाच्या टेबलाशी येऊन उभा राहायचा, मानेमागे हात घेऊन, आणि म्हणायचा की फक्त एक आठवडा, तोवर खाडीत मासे वाढवणाऱ्यांची मोजणी अडायला नको. माणूस वाईट नव्हता. तिच्या मनगटासाठी त्याने गरम करून शेकायची, गव्हाचे दाणे भरलेली पिशवी स्वतः शिवून आणली होती, शिवण वाकडी होती. अशा माणसाला नाही म्हणणं ग्वेंडाला जमत नव्हतं. तिला तसं कुणालाच जमत नव्हतं.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत वर्नाचा फोन आला.

"मेंढ्यांचं मी शेजाऱ्याला सांगून ठेवू का?" वर्नाने विचारलं.

"कशाला? मी शुक्रवारी येतेय ना."

"मेमध्येही तू शुक्रवारीच येणार होतीस."

वर्नाचं पुढचं बोलणं रागाचं नव्हतं, तेच जास्त लागलं. ती म्हणाली की तिचं तिला दुखणं कळतं, ग्वेंडाचं ग्वेंडाला कळू दे. फक्त येणार नसशील तर गुरुवार संध्याकाळपर्यंत सांग, म्हणजे हॉस्पिटलला कळवता येईल, जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळेल.

बुधवारी दुपारपर्यंत ग्वेंडाने सहा काप घेतले. सातव्याच्या चाळिसाव्या फोटोला मनगटात अशी कळ आली की काडी हातातून पडली. ती उचलायला वाकायचाही तिला कंटाळा आला. फर्गस वर बैठकीत होता. कल्ल्याचा नमुना उगाच उजेडात जळायला नको म्हणून तिने तो काढला, त्याच्या जागी तपासणीसाठी ठेवलेली चकाकत्या पिवळ्या प्लास्टिकची पट्टी घातली, आणि मोटर सुरू केली. काही शोधायचं म्हणून नाही. हाताला काम नको होतं आणि लगेच घरी जाणं बरं दिसलं नसतं, एवढंच.

पट्टीवर नुसते ठिपके दिसत होते. काळ्यावर हिरवे, दर दोन सेकंदांनी नवे. ग्वेंडा हनुवटी तळव्यावर टेकवून बघत बसली. डोळे मिटत होते, उघडत होते. मधेच एकदा पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात तीन ठसठशीत ठिपके दिसले, ओळीत, आणि त्यांच्या खाली एक काळी पोकळी, दात पडलेल्या तोंडासारखी. तिला जरा हसू आलं. ते गेले, दुसरे आले. थोड्या वेळाने डोळे उघडले तर तेच तोंड.

झोपेत भास झाला असेल, असं तिला वाटलं. तरी तिने काचेवर लिहायची पेन्सिल घेऊन पडद्यावर त्या तिघांभोवती गोल काढला आणि मोजायला लागली. पंचविसाव्या फोटोला तोंड बरोबर गोलात आलं. पुन्हा मोजलं. पुन्हा पंचवीस.

तिने मोटर बंद केली, गोल पुसला आणि घरी गेली. फर्गसला काही बोलली नाही. तो डॉक्टरेट झालेला माणूस, त्याने हे पाहिलं नसेल असं कसं होईल? काही तरी हिशेब असेल, आपल्याला न कळणारा. सुपाचा डबा उघडून तिने अर्धा खाल्ला आणि साडेसातलाच अंथरुणात शिरली. पण झोपण्याआधी तिला एक गोष्ट कळली होती. हे खरं असेल तर शुक्रवारी जाता येईल. आणि ते खरं आहे की नाही हे विचारण्याची लाज वाटते म्हणून ती गप्प बसली, तर मंगळवारी वर्नाची जागा दुसऱ्याला जाईल.

गुरुवारी ती साडेसातलाच आली. पिवळी पट्टी घातली, या वेळी चार वेगवेगळ्या जागी गोल काढले, आणि चारही जागी पंचविसाव्या फोटोला तेच ठिपके आले. मग ती हात मांडीवर घेऊन फर्गसची वाट बघत बसली.

तो सायकलचं हेल्मेट काखेत धरून आत आला आणि आधी पडद्याकडे बघून वैतागला.

"ग्वेन, पडद्यावर कशाला गं रेघोट्या?"

"बस. नुसतं बघ, मध्ये बोलू नकोस."

तिने मोटर सुरू केली आणि मोठ्याने मोजू लागली. पंचवीसला चारही गोल भरले. फर्गस म्हणाला, योगायोग. पन्नासला तो पुढे वाकला. पंचाहत्तरला त्याने हेल्मेट हळूच जमिनीवर ठेवलं.

"दोनशे," तो म्हणाला.

"काय दोनशे?"

"ही मोटर एका फेऱ्यात दोनशे पावलं टाकते. मी तिला दर फोटोला आठ पावलं टाकायला सांगितलंय. पंचवीस आठे दोनशे. पंचवीस फोटोंत काच पुन्हा जिथल्या तिथे. शंभर म्हणून आपण पंचवीसच घेतोय, चार-चारदा." त्याने तोंडावरून हात फिरवला. "दाणे त्याचेच. पंचविसांत ते पुसले जात नाहीत."

"आठच का घेतलीस?"

"बरा वाटला आकडा. पाऊल मोठं हवं होतं, आणि त्याने नीट भाग जातो."

"पाच महिने," ग्वेंडा म्हणाली.

फर्गसने मान खाली घातली. मग विचारलं, "तू हाताने किती सरकवायचीस गं?"

"मला काय माहीत? कधी जास्त, कधी कमी. मनगट दुखलं की कमी."

तो हसला, आणि हसताना त्याचा चेहरा असा झाला की ग्वेंडाने नजर दुसरीकडे वळवली. लिहायला घेतलेल्या शोधनिबंधात त्याने हाताने काच फिरवणं ही या पद्धतीची कमजोरी म्हणून नोंदवली होती. तिनेच ते टाईप केलं होतं.

त्याने आठाच्या जागी सात घातले. साताने दोनशेला भाग जात नाही, काच शंभरही वेळा नव्या जागी थांबते. दुपारपर्यंत तीन कल्ल्यांचे सहा काप तयार झाले, तीन मोटरचे, तीन ग्वेंडाच्या काडीचे. टॅमसिनला खाली बोलावलं आणि कुठले कुणाचे ते सांगितलं नाही. तिने चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ पाहिलं, अमीबा मोजले, आणि मग ठामपणे एका कापावर बोट ठेवून म्हणाली की हे ग्वेनचं काम, कुणीही सांगेल.

तो मोटरचा होता.

ग्वेंडाला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलंही असेल. पण ती नुसती स्टुलावर बसून राहिली. टॅमसिनने तिच्याकडे पाहिलं आणि तिच्यासाठी चहा आणायला गेली.

चार वाजता फर्गस टेबलाशी येऊन उभा राहिला. मानेमागे हात. तो म्हणाला की सात ठीक आहे, पण नऊही चालेल, अकराही, तेराही. पाऊल केवढं असलं म्हणजे काप सगळ्यांत चांगला येतो, ते एकदा नीट तपासायला हवं, नाहीतर निबंध तपासणारे विचारतील. आणि ठिपके बघायला तिच्यासारखी नजर इथे दुसऱ्या कुणाला नाही, हे तर आज सिद्धच झालं.

"फक्त एक आठवडा, ग्वेन. पुढच्या शुक्रवारी मी स्वतः तुला बेटाच्या फेरीबोटीपर्यंत सोडतो."

ग्वेंडाने टेबलावरच्या कागदांचे कोपरे जुळवले. मंगळवारी वर्नाला हॉस्पिटलात कोण नेईल, मेंढ्यांना कोण बघेल, मनगट किती सुजलंय, हे सगळं सांगता आलं असतं. तो ऐकून घेणारा माणूस होता. ऐकून, मान हलवून, मग त्याने पाच दिवसांचं विचारलं असतं.

"नाही, फर्गस," ती म्हणाली.

"पाच दिवस तरी—"

"नाही. एवढंच म्हणायचंय. ह्याच्या पुढे काही नाही."

त्याने मानेमागचा हात खाली घेतला. मग म्हणाला, बरं. पुढे म्हणाला की निबंधात तो तिचं नाव घालणार आहे, आभारांच्या यादीत नाही, वर, लिहिणाऱ्यांत. ग्वेंडाने मान हलवली. नाव वर असो की खाली, त्याने काय फरक पडतो ते तिला त्या क्षणी कळण्यासारखं नव्हतं. तिने फोन उचलला आणि वर्नाला सांगितलं की हॉस्पिटलला काही कळवू नकोस.

शुक्रवारी बाराला तिने चार नंबरची काच तिच्या खोबणीत नीट बसली आहे ना ते पाहिलं, बाकीच्या दहा काचा डबीत ठेवल्या, झाकणावर तारीख आणि घासायच्या पुडीचे नंबर लिहिले, आणि किल्ली प्रमुखबाईंच्या टेबलावर ठेवली. या वेळी चहा नव्हता. टॅमसिन दारापर्यंत आली, तिचं नाक लाल होतं. म्हणाली, स्कर्ट घेतलाच नाही ते बरं झालं.

बेटाकडे बोटी सुटतात त्या केटरिंगच्या धक्क्यावर ती पावणेदोनला पोचली. दोनच्या फेरीबोटीच्या रांगेत तिसरी गाडी तिची. तिने इंजिन बंद केलं. पाणी करडं होतं, पलीकडचं बेट करडं होतं, काचेवर बारीक भुरभुर सुरू होती.

काचेवर कुणी तरी टकटक केली तेव्हा धक्क्यावरचे दिवे लागले होते. पिवळ्या कोटातली फेरीबोटीवरची बाई आत वाकून बघत होती. ग्वेंडाने काच खाली केली आणि विचारलं, निघायचं का.

"निघायचं? तीन फेऱ्या गेल्या बाई," ती म्हणाली. "बाकीच्या गाड्या तुझ्या बाजूने काढल्या. मी दर वेळी ठोठावत होते. तू हललीच नाहीस. शेवटी म्हटलं, निदान श्वास चालू आहे ना ते तरी बघू."

फोनवर वर्नाचे चार कॉल येऊन गेले होते. ग्वेंडाने फोन लावला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत तो उचलला गेला.

"कुठे आहेस?" वर्नाच्या आवाजाला धार होती.

"धक्क्यावर. इकडच्या बाजूला. झोप लागली मला."

"कधीपासून आहेस तिथे?"

"पावणेदोनपासून."

वर्नाच्या मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. ग्वेंडा बोलणी ऐकायची तयारी करून बसली.

"पुढची कितीला आहे?" वर्नाने विचारलं.

"अर्ध्या तासाने."

"त्याच्यानंतरही एक आहे," वर्ना म्हणाली. "झोप अजून हवं तर. मी जागीच आहे."